पंधरा वर्षांची कपात

४ जुलै, रक्कम सात हजार आठशे. धुळ्याच्या बँकेत हजर होतो मी, बायको आणि पेन्शनचं काम पाहणारा कारकून.

लष्करातून निवृत्त होताना मी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले आणि शिंदखेड्याला घर बांधलं. त्यापायी दरमहा सव्वीसशे कापले जात. ही कपात पंधरा वर्षांनी थांबते. "तोवर कसंही भागव, पुढचे सव्वीसशे तुझे," असं मी बायकोला सांगितलं होतं. तिने शिवणकाम करून भागवलं. मार्चमध्ये मुदत संपली, तरी एप्रिल, मे, जूनला कपात झालीच.

"काका, कंप्युटर आपोआप बंद करतो," कारकून म्हणाला.

"मग तीन महिने का नाही केली?" मी जुनं पासबुक उघडून एकरकमी पैसे जमा झाल्याची तारीख दाखवली.

"साहेब जेवायला गेलेत. वेळ लागेल."

"बर्फात रात्र-रात्र उभा राहिलोय. इथे तर पंखा आहे."

"आन् डबा बी लयेल शे," सोबत आणलेला डबा पिशवीतून काढत बायको म्हणाली.

कारकून हसला आणि कागद घेऊन उठला.

कपात थांबली. कापलेले सात हजार आठशे रुपये २२ तारखेला माझ्या खात्यात आले. त्याच दिवशी मी ते बायकोच्या खात्यात भरले.