कल्ला बघितल्याशिवाय

मँचेस्टरच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने इंग्रजीत विचारलं, "तुमच्या आई काय करतात?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हाऊसवाइफ." त्याने शिक्का मारला. आई शेजारीच उभी होती, लुगड्यावर माझं जुनं जॅकेट चढवून. तिने माझ्याकडे बघितलं.

माझी आई गोराईची कोळीण. सत्तरी झाली तरी फेरीबोटीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात पाटी घेऊन बसते. मासळी विकून तिने मला शिकवलं. मी अंधेरीला विमा कंपनीत साहेबीण झाले आणि झाल्या झाल्या एक गोष्ट पक्की शिकले: कोणी आईचा धंदा विचारला की विषय बदलायचा. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, आई घरीच असते. मी तो समज कधी दूर केला नाही, उलट जपला. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

माझी मुलगी लीड्सला शिकते, म्हणून आम्ही दोघी तिकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेज होतं, तेव्हा मी आईला घेऊन शहर बघायला निघाले. टाऊन हॉलचे दगडी सिंह दाखवले, आई म्हणाली, "बरं हाय." काचेचे घुमट असलेली जुनी दुकानं दाखवली, तेही बरं होतं. मी वैतागले. इतक्या लांब आणलं आणि बाई नुसती 'बरं हाय' करतेय. मग आम्ही तिथल्या मोठ्या बंदिस्त बाजारात शिरलो. आईने नाक वर करून वास घेतला आणि मला न विचारता चालू पडली. मी मागून धावत होते.

मासळीच्या गल्लीत ती थांबली. बर्फावर बांगडे रचलेले होते. आमच्यापेक्षा लांबट, पाठीवर निळे पट्टे, पण बांगडेच. मी काही म्हणायच्या आत आईने एक उचलला, अंगठ्याने डोक्यामागचा कल्ला उघडला, आत किती लाल आहे ते बघितलं, ठेवला. दुसरा उचलला.

"हात नको लावूस, लव्ह," दुकानदार म्हणाला; तिकडे अनोळखी बाईलाही लव्ह म्हणतात. पन्नाशीचा, लाल गालांचा माणूस. रागावला नव्हता, पण रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आये, ठेव तो. इथे हात लावायचा नसतो."

"मासली बगाला देत नाय, मंग इकतो कनाला?" आई म्हणाली. हीच बाई बोरिवलीत कोणी पापलेट दाबून बघितलं की सात पिढ्या उद्धारते. "त्याला सांग, दोन दिसांची मासली एकातच मिसलवलीय. ह्यो आजचा, ह्यो कालचा."

दुकानदाराने मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

सांगता आलं असतं की म्हातारी आहे, सहज बघत होती, माफ करा. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीचं. आईने माझ्याकडे बघितलं. विमानतळावर बघितलं होतं तसंच. आणि मला काय झालं कोण जाणे, मी इंग्रजीत, मोठ्याने, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही माझी आई. मुंबईत मासळी विकते. चाळीस वर्षं विकतेय. ती म्हणते, यातले काही कालचे आहेत."

मग त्याने हातमोज्यांची जोडी पुढे केली. आईने मान हलवली. "मोजं घालून मासली कलते काय?" हे मी सांगितल्यावर तो हसला आणि स्वतःच एकेक बांगडा उचलून, कल्ला उघडून आईसमोर धरायला लागला. आई कमरेवर हात ठेवून उभी. नाय. नाय. ह्यो. नाय. ह्यो घे. असे चार निवडले. रांग खोळंबली होती, मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. ती माझी आई आहे हे आणखी दहा जणांना सांगायची माझी तयारी होती, पण कोणी विचारलं नाही.

बाहेर बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. पिशवी आईने मांडीवर घेतली.

"इमानतलावर त्या गोऱ्याला हाऊसवाइफ बोललीस," ती म्हणाली. "त्यो शबुद मना कलतो. बोरिवलीच्या बायका बोलतात."

मी म्हणाले, "चुकलं माझं, आये."

"आज बी चुकलीस. फोर्टी बोललीस त्याला." तिने पिशवीची गाठ सोडून परत घट्ट बांधली. "चालीस नाय गं, सत्तेचालीस. तू पोटात व्हतीस तवापासना बसतंय मी बाजारान."