पहिला डाग फुकट

केडगावात मी भाड्याने राहत होतो, तेव्हा एक माणूस सायकलला बाटल्या लटकवून यायचा. सिमेंटवरचे गंजाचे डाग काढणं हा त्याचा धंदा. औषधाने त्याच्या बोटांची कातडी पार सोलली होती. "पयला डाग फुकट. पटलं तर फुडं डागाला आठ आणे," असं तो दारोदार सांगायचा.

आमच्या घरमालकांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी त्याला बोलावलं. गच्चीवरची लोखंडी टाकी गळून नव्या ओट्यावर डाग पडले होते. मालकांनी नेमका दारासमोरचा, परातीएवढा डाग दाखवला. त्याने औषधात भिजवलेलं फडकं त्यावर पसरलं, मग गुडघ्यांवर बसून तासभर घासलं. सिमेंट कोरं झालं.

"बाकीचे कवा करू?" त्याने उमेदीने विचारलं.

"बाकीचे सतरंजीखाली जातील," म्हणत मालक आत निघून गेले.

मी त्याला पाणी दिलं. तो त्या स्वच्छ जागेकडेच बघत होता. "लोकान्ला डाग नको अस्तो, असं मला वाटायचं, गुरुजी. त्यान्ला फकस्त पावन्याला दिसाया नको अस्तो."

वर्षभराने तो भिंगारच्या बाजारात दिसला. धंदा कसा चाललाय, मी विचारलं.

"बरा हाय. आता फुकटातला डाग अर्धाच काढतो. ऱ्हायल्याला अर्धा लई घान दिसतो. मग झक मारत पैसं देत्यात."

एवढं बोलून तो शेजारच्या दुकानाच्या पायरीशी गुडघ्यांवर बसला आणि डागाच्या बरोबर मध्यापर्यंत त्याने फडकं पसरलं.