रानकांद्याची पानं

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, पण माझी नोकरी अजून हंगामीच होती. आमच्या नागपूरच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणाले, "माझ्या पुस्तकातल्या चित्राबरहुकूम रानकांदा आणा, फुलासकट, पानांसकट. तुम्हाला कायम करून टाकू." चित्रात ऐटबाज हिरवी पानं होती आणि मधोमध फुलांचा दांडा. म्हणून चैत्रातल्या एका सकाळी मी तिरोड्याला उतरलो.

तिथून चोरखमाऱ्यापर्यंत रेंगी (हलकी बैलगाडी). हलकी ती बैलांना. माझ्या कमरेचं मत वेगळं आहे. तलावाजवळ ज्या शेतकऱ्याकडे उतरलो, त्याने भात वाढला, भातावर भात वाढला आणि मग विचारलं, "थोडा भात घेता का जी?"

दुसऱ्या दिवशी जंगलात शिरलो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोकांनी झाडांखालचा पाचोळा जाळला होता. काळ्या जमिनीवर पान औषधालाही नव्हतं. जागोजाग कमरेएवढ्या नागड्या काड्या मात्र उभ्या होत्या, शेंड्याला मळकट फुलं लोंबणाऱ्या. त्यातली एक मोडून घेतली आणि तिने माशा वारत मी तीन तास रानकांदा शोधला.

मोह वेचणारी सोनाबाई नावाची एक गोंड बाई हे सगळं बघत होती.

"काय पाहून राहिले जी?"

मी चित्र दाखवलं. "रानकांदा."

"मंग हातात काय हाय?"

माझी पदवी सुदैवाने नागपुरात, भिंतीवर टांगलेली होती.

"फूल उन्हाळ्यात, पान पानी पडल्यावर," ती म्हणाली. "दोघायची भेटच होत नाही. ज्यानं हे काढलं, तो जंगलात कधी आलता का?"

तिने सब्बलीने (पहारीने) खणून एक कांदा फुलासकट काढून दिला. चीक लागून माझे हात दोन दिवस खाजत राहिले.

नागपुरात साहेबांनी नाक मुरडलं. "पानं कुठे पाडलीत?"

सोनाबाई म्हणाली ते मी सांगितलं.

"ही बाई कोणत्या विद्यापीठाची?"

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या बागेतली लिलीची चार पानं तोडली, फुलाशेजारी कागदावर दाबून चिकटवली. साहेब खूश झाले. मी कायम झालो.

कांदा घरी कुंडीत लावला. आषाढात त्याला पानं आली, नुसतीच पानं. कॉलेजात मात्र दरवर्षी मुलं माझ्या कागदावरून चित्र काढतात. यंदा एका मुलीने पानं गाळून नुसतं फूल काढलं. विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या अर्जुनी मोरगावकडे असंच असते."

मला लाज वाटली. मग मी तिचे दोन मार्क कापले.