पडकं नाही, वाकडं

आयुष्यभर काकांनी सुतारकाम करून लोकांची कपाटं नि पलंग केले, पण कुणी कधी नावाजलं नाही. कपाटाचं दार नीट बंद होतं म्हणून कोण कुणाची पाठ थोपटतो? निवृत्त झाल्यावर मात्र ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या नादी लागले. डॉक्टरांना टेबलावर युद्ध खेळायचं वेड. बोटाएवढे शिशाचे सैनिक, फासे, मोजपट्टी, आणि दर रविवारी दवाखान्यामागच्या खोलीत चांगली पोक्त माणसं तावातावाने भांडायची. त्या सैनिकांना लढायला मुलूख लागतो. तो काका करून द्यायचे. जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून टेकड्या, कुंपणं, छप्पर उचलून आत शिपाई ठेवता येईल अशी घरं.

पहिली टेकडी त्यांनी खऱ्यासारखी उतरती केली, घासून अगदी गुळगुळीत. डॉक्टरांची अख्खी पलटण तिच्यावरून घसरली आणि खाली ढीग झाला. सगळे पोट धरधरून हसले. काका हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी फळीवर फळी चढवून पायऱ्यापायऱ्यांची टेकडी आणली आणि तिच्यावर घोडेस्वारसुद्धा ठाम उभे राहिले. तेव्हापासून ते टेकडीकाका. बायको आपोआप टेकडीकाकू झाली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात नुसता खांद्याला लटकून राहिला. घरी आल्यावर काकूंनी पहिलं काम केलं ते करवत लपवण्याचं.

"एक हात गेलाय, दुसऱ्याची बोटं तरी राहू देत," त्या म्हणाल्या.

लपवली कुठे, तर कपड्यांच्या कपाटामागे. ते कपाट काकांनीच केलेलं, मागची पोकळी त्यांना पाठ. करवत काढून त्यांनी डाव्या हाताने एक घर केलं. भिंत कलली, दार तिरकं झालं, छप्पर काही केल्या बसेना. तसंच ते रविवारी घेऊन गेले.

"वा काका! पडकं घर!" डॉक्टर ओरडले. "तोफगोळा लागल्यासारखं हुबेहूब!" त्यांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि धूर म्हणून वर कापूस लावला. "आता अशीच पडकी घरं करा. म्हणजे हाताला त्रास नाही."

डॉक्टर हे मायेने म्हणाले, म्हणूनच ते जास्त झोंबलं. आजारी माणूस करेल ते गोड मानून घ्यायचं, ही आपल्या लोकांची मोठी वाईट खोड.

"पडकं नाही ते, वाकडं आहे," काका म्हणाले. "पडकं घरसुद्धा आधी सरळ उभं असतं, डॉक्टर."

पुढच्या रविवारच्या लढाईत नदीवर पूल हवा होता. डॉक्टर म्हणाले, प्लास्टिकचा तयार मिळतो, मी आणतो. काका म्हणाले, पूल मी करणार.

काकूंनी घरी सरळ अट घातली. "एक पूल. सरळ झाला तर करवत तुमची. नाही झाला तर ती माझ्या भावाकडे जाईल आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," काका म्हणाले. करवत गेली तर उरलेला दिवस कशाने भरायचा?

करवत सरळ चालावी म्हणून शिकाऊ मुलं खाचेची पेटी वापरतात. पेटीच्या दोन भिंतींतल्या चिरेत करवत घातली की ती हलत नाही. काका तिला पांगुळगाडा म्हणून हिणवायचे. आता तोच पांगुळगाडा त्यांना करावा लागला, आणि डाव्या हाताने केलेली ती पेटीच वाकडी झाली. मग तिच्यातून निघालेला प्रत्येक तुकडा इमानदारीने तेवढाच वाकडा! काकांनी पेटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ती फोडली आणि पुन्हा करायला घेतली.

काकू लाकूड धरायला पुढे झाल्या.

"लाकूड आवळून धरायला शिकंजा आहे. बसायचं तर बस, पण हात मागे."

त्या बसल्या, हात मांडीखाली दाबून.

रविवारी काकू स्वतः बरोबर गेल्या. डॉक्टरांच्या पिशवीतून प्लास्टिकचा पूल डोकावत होता. काकांचा पूल डॉक्टरांनी डोळ्यांजवळ धरला. "छानच! आणि समजा कुठे थोडं कमीजास्त असलं, तर उडवलेला पूल म्हणून..."

काकांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. त्यांनी पूल हातातून घेतला, नदीवर ठेवला आणि कुणाचा तरी काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलून पुलाच्या मधोमध ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. चहा चारही बाजूंनी काठाशी सारखा होता. एक थेंब सांडला नाही.

"टाका फासे," काका म्हणाले.

दुपारभर त्या पुलासाठी लढाई झाली. प्लास्टिकचा पिशवीतच राहिला. निघताना काकांनी ते कापूस लावलेलं घर काखेत मारलं.

"अहो, राहू द्या ते, सगळ्यांना आवडतं," डॉक्टर म्हणाले.

"ते मी केलेलं नाही. ते झटक्याने केलंय. माझ्या नावावर इथे राहणार नाही."

घरी आल्यावर काकूंनी हातोडा घेतला, डाव्या हाताला येईल असा भिंतीवर नवा खिळा ठोकला आणि करवत लटकवली. काकांनी मान तिरकी करून पाहिलं.

"खिळा वाकडा बसलाय."

"मग पडका म्हणा."

काकांना हसू आलं, पण त्यांनी खिळा उपटलाच. मग हातोडा डाव्या हातात घेऊन थांबले. एका हाताने ठोकता येतं, खिळा धरायला दुसरा लागतो, आणि तिथे शिकंजा चालत नाही.

"धर," ते म्हणाले.

काकूंनी एकदा हातोड्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग खिळा चिमटीत धरला आणि डोळे मिटले नाहीत.

खिळा सरळ गेला.