धूर ओढणारी शेगडी

आईचा खोकला मी घरी असले की ऐकायचे, आणि नाशिकच्या वसतिगृहात असले की आठवायचे. जव्हारच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, "चुलीचा धूर बंद करा. असंच चाललं तर पुढे श्वास पुरणार नाही." बाबा शाळामास्तर. त्यांनी मान हलवली आणि येताना खोकल्याचं औषध घेतलं.

त्या दिवाळीत मामा शेगडी घेऊन आला. तो ठाण्यात मोठ्या लोकांच्या स्वयंपाकघरांचं फिटिंग करायचा. दुकानात मांडून ठेवलेली ही परदेशी इंडक्शन शेगडी एका कोपऱ्यात तडकली, म्हणून मालकाने त्याला देऊन टाकली होती. काळी गुळगुळीत काच आणि मधोमध एक लांब फट. भांड्यातली वाफ वर जायच्या आत फटीतला पंखा ती खाली ओढायचा आणि पाइपातून घराबाहेर सोडायचा.

"जाळच नाय, तर ही ओढते काय?" आईने विचारलं.

"फोडणीचा वास, ताई. बंगल्यातल्या बायकांना तो पण नको असतो."

"मग खातात कशाला?"

सगळे हसले. आई हसता हसता खोकली, आणि हसणं थांबलं.

मला चार माणसांत बोलता यायचं नाही, पण शेगडीची पुस्तिका इंग्रजीत होती. ती वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते बरं वाटलं. बाबांनी चूल काढली आणि तिच्याच जागी ओटा केला. मामाने जाड वायर ओढली, मागच्या भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला. आईची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली शेगडी ओळखेना. लोखंडी तवा आणि स्टीलचं एक पातेलं मात्र चाललं. वीज गेली की रॉकेलचा स्टोव्ह होताच. मी वसतिगृहात परत जाईपर्यंत आईचा खोकला कमी झाला होता.

ओट्याच्या वर बांबूचा माळा होता, जुन्या चुलीच्या धुराने काळा झालेला. त्याला आईचं वालाचं बी टोपलीत टांगलेलं असायचं. लग्न होऊन सूर्यमाळहून येताना तिने ते पदरात बांधून आणलं होतं. तिकडे तिच्या माहेरी आता कोणी पेरत नव्हतं. आमच्याकडे दरवर्षी पेरायचं, शेंगा वाळवायच्या आणि पुढच्या पावसापर्यंत धुरावर ठेवायच्या, एवढाच रिवाज होता. त्या दिवाळीत माळ्याकडे आमचं कोणाचंच लक्ष गेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा काळ्या काचेवर पिवळी भुकटी पडलेली दिसली. मी पुसली. संध्याकाळी पुन्हा तेवढीच.

"बांबूला भुंगा लागलाय," आई म्हणाली. तिने टोपलीतून वालाची शेंग काढून माझ्या हातावर फोडली. दाण्यांना बारीक, गोल भोकं होती. "धूर नाय ना वर."

"जव्हारच्या दुकानातून दुसरं बी आणू," बाबा म्हणाले.

"ते वाल हायेत. हे नाय."

तिने सगळी टोपली निवडली. ओंजळभर दाणे धड निघाले. मागच्या पडवीत, जिथे छप्पर पुढे आलं होतं आणि पाऊस लागत नव्हता, तिथे तिने तीन दगड मांडले. दाणे राखेत घोळून फडक्यात बांधले आणि वर टांगले. दुपारी ओल्या काटक्या घालून ती धूर करायची. डॉक्टरांचं बोलणं बाबांनी तिला पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती आणि फुंकत होती. खोकला परत आला.

"मी करते धूर. तू आत बस," मी म्हटलं.

"तू जाळ करशील. भाजून टाकशील बी." तिने फुंकायची नळी माझ्या हातातून घेतली. "पाऊस येस्तोवरच. पेरलं का संपलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

तिने अजून एक ओली काटकी आत सारली.

एका दुपारी वीज होती म्हणून मी आत चहा ठेवला. पंखा लावला नव्हता. काचेच्या फटीतून बारीक धूर वर आला. त्याच्यामागून आईचा खोकला आला, जवळून, जणू ती ओट्याखाली बसली होती. मामाच्या पाइपाचं तोंड बाहेर नेमकं त्या तीन दगडांच्या वर उघडत होतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी पंख्याचं बटण दाबलं. धूर झटकन फटीत परत गेला आणि खोकला ऐकू येईनासा झाला. आता तो धूर कुणाच्या तोंडावर जातोय हे समजायला मला एक क्षण लागला. मी पंखा बंद केला. स्वयंपाकघर हळूहळू धुराने भरू लागलं. चहा उकळेपर्यंत मी डोळे पुसत तिथेच उभी राहिले आणि पाइपातून येणारा तिचा श्वास ऐकत राहिले.