नायकाचा बांध

आमच्या तांड्याचा नायक म्हणजे माझा बाप. लोकांना वाटतं, नायक म्हणजे बाजेवर बसून हुकूम सोडणारा माणूस. आमच्या घरची बाज कायम रिकामी! बा कधी कुणाच्या हातपंपाशी झटतोय, तर कधी लग्नात शेवटच्या पंगतीला वाढतोय. याडी, म्हणजे माझी आई, चुलीपुढून ओरडायची, "तुमी नायक हाव का तांड्याचे सालगडी?" बा म्हणायचा, "दोन्ही एकच की." झालं, वाद संपला. याडी मात्र दिवसभर भांडी आपटत राहायची.

आमच्या शेताला लागून तांड्याचं सामाईक रान आहे. वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून यायचे, तेव्हा बैल तिथं बसवायचे. होळी तिथंच पेटते, होळीच्या लेंग्या तिथंच गातात, शेळ्या तिथंच चरतात. पलीकडचं शेत शहरातल्या एका व्यापाऱ्यानं घेतलं आणि यंदा त्यानं तारेचं कुंपण सरकवत थेट रानात आणलं. तांडा पेटला. सगळ्यात जास्त मी. "उद्या होळी काय त्याच्या गच्चीवर पेटवायची?" असं जवळच्या गोरेगावच्या बाजारात इतक्या मोठ्यानं बोललो, की टपरीवाल्यानं फुकट चहा पाजून मला वाटेला लावलं.

शेवटी मोजणी आणली. व्यापारी म्हणाला, "जो रानात आत आला असंल, त्यानं बाहेर निघायचं. बराबर?"

"बराबर!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो.

मोजणीदारानं आधी हद्दीचे जुने दगड विचारले. आमच्या बाजूचा दगड जागेवर नव्हता. अख्खा तांडा गवत चाळू लागला. बा कान खाजवत म्हणाला, "त्यो म्हातारीकडं हाय." तांड्यात एक म्हातारी एकटी राहते. तिला धुण्यासाठी दगड पाहिजे होता. चांगला सपाट हाच दिसला, म्हणून पठ्ठ्यानं पाच-सहा वर्षांपूर्वी तो खांद्यावर घालून तिच्या दारात नेऊन टाकला. वर आठ दिवस कंबर धरून पडला होता. आणि इकडं हद्दीच्या दगडावर म्हातारी लुगडी आपटून राहिली! व्यापारी इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला पाणी आणायला कोण पळालं? बा!

मोजणीदार म्हणाला, दगडावाचून काही अडत नाही, नकाशा आहे, यंत्र आहे. त्यानं पहिली झेंडी व्यापाऱ्याच्या कुंपणाच्या आत रोवली. मी शिट्टी मारली. मग तो आमच्या बाजूला आला आणि दुसरी झेंडी आमच्या उभ्या हळदीत रोवली. बांधापासून चांगली चार पावलं आत.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दगड गेल्यापासून दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याला मीच सांगायचो, "घे नांगराचं अजून एक तास पलीकडं, कोण बघून राहिलंय?" दुसऱ्यानं बांध कोरला की मी त्याच्या सात पिढ्या काढणारा माणूस. पण स्वतःचं वर्षाला एकच तास, नांगराची एक रेघ, त्यात काय एवढं, असं वाटायचं.

"आधी नायकानं निघावं," व्यापारी म्हणाला. "न्हाई तर माझी तार हलणार न्हाई."

तांड्यातली माणसं खाली बघू लागली. बा म्हणाला, "दगड मी हलवला. चूक माझी." घरातून कुदळ आणली आणि कोवळी हळद खणायला लागला. याडी पदर तोंडाला लावून उभी होती. दोन वाफे मोकळे झाले, तेव्हा व्यापाऱ्यानं गड्यांना तार गुंडाळायला सांगितलं.

मागं कुणीतरी म्हणालं, "असा नायक व्हायाचा न्हाई." मला ते ऐकवेना. लाज वाटली, साफ सांगतो. सगळ्यांदेखत म्हणालो, "बा, बांध मी कोरला."

बा सरळ झाला. घाम पुसला, मला खालून वर पाहिलं आणि कुदळ माझ्या हातात दिली.

"मग म्हाताऱ्याला काहून राबवून राहिलास?"