पानमळ्यातले वाऱ्याचे चाक

वैशाखात पानवेलीचे पाणी चुकले की मळा गेला, हे आमच्या वऱ्हाडातल्या जळगाव भागात पोरालाही कळते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. माझे दोन्ही बैल बुळकांडीने मेले आणि मोट थांबली. रोगाच्या धास्तीने कोणी बैल उसने देईना. मला वाडवडिलांचे काही मिळाले नव्हते. डोक्यावर टोपली घेऊन बाजार करत मी हा मळा उभा केला होता. तो डोळ्यांदेखत वाळू द्यायचा?

म्हणून मी वाऱ्याचे चाक केले. मोडक्या गाडीचा आख, रॉकेलच्या डब्यांचे पत्रे आणि कापसाच्या जिनाच्या भंगारातला पंप. पहिली पाती सपाट होती, चाक हलेना. मग धान्य उपणताना सूप तिरपे धरतात तशी पाती कलती केली, आणि अंगणात चाक फिरू लागले. आखाला वाकडा दांडा बसवला, तो पंप वरखाली करी.

पण विहीर मळ्यात, आणि पानमळा म्हणजे चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड घालून वारा बंद केलेली जागा. वारा होता शेजारच्या टेकाडावर. तिथून दोराने पंप ओढता आला असता. टेकाड चुलतभावाचे, तिथे त्याचे खळे.

"दादा, चार हात जागा दे."

"तुह्या चाकानं वारा खाल्ला, त मी उपणू कशानं बे?"

"दर बाजाराले एक टोपली पानं देतो."

"दोन."

"दीड."

"दोन. अन् होळीले वरून एक."

"जागा देऊन राह्यला का मळा घेऊन राह्यला?"

"गरज कोणाले हाये?"

माझे डोके फिरले. "वारा काय तुह्या बापानं आणून ठेवला?"

त्याने पाठ फिरवली ती फिरवलीच. टोपलीवरून भांडलो म्हणून लोक अजून मला नावे ठेवतात. रक्ताच्या माणसाने वाऱ्याचा भाव लावला, त्याचे कोणाला काही नाही.

मी चाक विहिरीवरच उभे केले आणि पश्चिमेचा कूड तोडायला निघालो. बायको आडवी आली.

"काहो, भर उन्हाळ्यात वेलीले वारा दाखवता?"

"पाणी पाह्यजे का नाही तुले?"

तिने माझा कोयता धरून ठेवला. मी तो हिसकला.

चाक फिरले. सरीत पाणी आले. आणि त्याच खिंडारातून झळा आत शिरल्या. पाने आधी लोंबली, मग कडांनी काळी पडली. कूड लावला की चाक थांबे, काढला की पाने करपत. दुपारभर मी लावत आणि काढत राहिलो.

शेवटी चाक दोराने बांधले, कूड घट्ट आवळला आणि आम्ही दोघे घागरींनी पाणी ओढू लागलो. पश्चिमेच्या ओळी गेल्याच होत्या. बाकीच्यांत कोणती वेल जगेल ते कळेना, म्हणून सगळ्यांनाच घालत होतो, मेलेल्यांनाही.